सत्तरीपुढे: वय वंदना कार्ड की पॉलिसी?

घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस आणि आरोग्यविम्याच्या पॉलिसीचा हप्ता तोंडावर आलेला, अशी घरं आमच्या कुडाळ-कणकवलीकडे पुष्कळ. हप्ता भरत राहायचं, की आयुष्मान वय वंदना कार्डावर भागवायचं? २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या कुणालाही, उत्पन्न न विचारता, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार या कार्डावर होतात. बाबांसाठी आम्ही दोन्ही वापरून पाहिलं.

पॉलिसीचं चांगलं ते आधी. वेगळी खोली मिळते, हॉस्पिटल निवडता येतं. मुंबईतली बरीच मोठी हॉस्पिटलं कार्ड घेत नाहीत, पॉलिसी घेतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटीही गेला. मुलं ठाण्या-मुंबईला आहेत, उपचार तिथेच होणार, अशांना पॉलिसी सोडा असं मी म्हणणार नाही. नवीन घेणाऱ्याने मात्र हिशेब नीट करावा: मोतीबिंदू, हर्निया, प्रोस्टेट, गुडघा अशा म्हातारपणच्या नेमक्या दुखण्यांना बहुधा २ वर्षं थांबावं लागतं, आधीच्या मधुमेहा-रक्तदाबाला ३ वर्षांपर्यंत. कार्ड पहिल्या दिवसापासून चालतं.

माझं मन फिरलं ते को-पेमुळे. बाबांच्या पॉलिसीत बिलाचे २० टक्के आपण भरायचे होते. शिवाय हातमोजे, सिरिंज, असल्या किरकोळ वस्तू वेगळ्या. आकडा फार मोठा नव्हता, मी भरलाही असता. पण बाबांचा पहिला प्रश्न एकच, "आपल्याक किती भरुचे पडतले?" उत्तर ऐकलं की, "आता आंब्याचो हंगाम होवंदे." हंगाम झाला की चतुर्थी. रात्री चार-पाच वेळा उठत होते, उशाशी टॉर्च ठेवून झोपायचे, डॉक्टरांनी प्रोस्टेटचं ऑपरेशन सांगून ठेवलेलं, प्रतीक्षाकाळही संपलेला. पॉलिसी होती आणि ती कपाटातच होती.

कार्ड आलं, खिशातून काही जाणार नाही म्हटल्यावर तेच म्हणाले, "मगे कधी जावचा?" अमेरिकेतही ६५ व्या वर्षी मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्यविमा, लागू झाला की गुडघे-खुबे बदलण्याच्या शस्त्रक्रिया एकदम वाढतात, हे तिथल्या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं आहे. दुखणं काही वाढदिवस बघून येत नाही. खर्चाची धास्ती तेवढी त्या दिवशी जाते. पैशाचा प्रश्न मिटल्यावर म्हातारी माणसं विनाकारण हॉस्पिटलात जाऊन बसतात असं काहीजण म्हणतात. आमच्याकडे तरी उलटच अडचण होती.

कार्डाचे ताप आहेतच. काढतानाच पहिला: आयुष्यभर चिरे आणि कोयती हाताळलेल्या बोटांचे ठसे यंत्राला पटेनात, आधारला जोडलेला मोबाईल मुंबईला भावाकडे. शेवटी चेहरा दाखवून जमलं, तेही रेंजसाठी अंगणाच्या कडेला उभं राहून. घरात दोघंही सत्तरीपुढचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून आहेत. योजनेतलं हॉस्पिटल जवळ असेलच असं नाही, आणि असलं तरी तुमच्या दुखण्याचा विभाग त्याच्याकडे योजनेत आहे का, हे आरोग्यमित्राला (हॉस्पिटलातला योजनेचा मदतनीस) आधी विचारावं. आम्ही गेलो तिथे मंजुरीला वेळ लागला, वॉर्डात गर्दी होती. वेगळ्या खोलीची सवय असलेल्यांना जड जाईल.

रोजच्या गोळ्या, साखरेची तपासणी, दर महिन्याचे डॉक्टर हे कार्डात नाही, आणि साध्या पॉलिसीतही सहसा नसतं. कार्डात भरतीच्या आधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस धरतात, तेवढंच. म्हाताऱ्या माणसाचा खरा खर्च मात्र औषधांच्या दुकानात होतो. आम्ही हप्त्याचे पैसे आता त्याच कामाला बाजूला ठेवतो. तुमच्याकडे गणित वेगळं असू शकेल.

६० ते ६९ मधल्यांना हे कार्ड नाही; त्यांनी रेशनकार्डावर महात्मा फुले योजनेतून काय मिळतं ते पाहावं. आणि पॉलिसी बंद करायचीच असेल तर कार्ड हातात येऊन, जवळच्या हॉस्पिटलात विचारपूस होईपर्यंत थांबा. खंड पडल्यावर पुन्हा घ्यायची झाली तर प्रतीक्षाकाळ पहिल्यापासून मोजतात.