तीन सिस्टिमवर प्रोग्राम पोहोचवायचा आहे: गो, पायथन, जावा की इलेक्ट्रॉन?

प्रोसेसर एकच असला तरी विंडोजची एक्झिक्युटेबल (थेट चालणारी) फाइल लिनक्सवर चालत नाही. विंडोजची पीई फाइल ‘एमझेड’ या दोन अक्षरांनी सुरू होते, लिनक्सला ईएलएफ लागते, मॅकला माक-ओ, आणि तिघांचे सिस्टिम कॉलही (प्रोग्रामने सिस्टिमकडे काम मागण्याची पद्धत) निराळे. म्हणून एकतर प्रत्येकासाठी वेगळी बायनरी (अशी थेट चालणारी फाइल) बनवा, नाहीतर रनटाइम (प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) सोबत द्या.

कमांड-लाइन टूल असेल तर मी डोळे झाकून गो निवडतो. जीओओएस (कोणती सिस्टिम) आणि जीओएआरसीएच (कोणता प्रोसेसर) ही दोन व्हेरिएबल्स बदलली की एकाच लॅपटॉपवर तिन्ही सिस्टिमच्या फाइली तयार होतात आणि वापरणाऱ्याला वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. फक्त सीजीओकडे, म्हणजे गोमधून सी भाषेचा कोड वापरण्याच्या सोयीकडे, लक्ष ठेवा. एसक्यूलाइट या डेटाबेसशी गोला जोडणारा सर्वाधिक प्रचलित ड्रायव्हर सीवर आधारलेला आहे. दुसऱ्या सिस्टिमसाठी बिल्ड करताना सीजीओ आपोआप बंद होतं, बिल्ड मात्र विनातक्रार पूर्ण होतो. एरर येते ती थेट वापरणाऱ्याच्या मशीनवर, डेटाबेस उघडताना! अशा वेळी शुद्ध गोमध्ये लिहिलेला ड्रायव्हर घ्यावा.

पायथनचा कोड आधीच हाताशी असेल तर केवळ वितरणासाठी तो नव्याने लिहू नका, त्याची चालणारी फाइल बनवून देणारा पायइन्स्टॉलर आहे. पण तो क्रॉस-कंपायलर (एका सिस्टिमवर दुसरीची फाइल बनवणारा) नाही. विंडोजची फाइल विंडोजवरच बनवावी लागते, मॅकची मॅकवर. लिनक्सवर तर आणखी एक अडचण आहे: तो जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) सोबत बांधत नाही. उबुंटू 22.04 वर (जीलिबसी 2.35) बनवलेली फाइल 20.04 वर (2.31) ‘हवी ती आवृत्ती सापडली नाही’ असं म्हणून सुरूच न होण्याची दाट शक्यता असते. मी हे स्वतः भोगलंय, आणि चूक शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली, कारण माझ्या मशीनवर सगळं सुरळीत होतं. उपाय सोपा आहे. ज्या सर्वांत जुन्या आवृत्तीला आधार द्यायचाय, तिच्यावरच बिल्ड करा. आणि ‘वनफाइल’पेक्षा (सगळं एकाच फाइलमध्ये) फोल्डर द्या, वनफाइल दरवेळी तात्पुरत्या जागी उलगडते, त्यामुळे उशिरा सुरू होते.

जावाची जार फाइल तिन्हीकडे चालते, पण समोरच्याकडे जावा असेल तरच. जेडीके (जावाचा डेव्हलपर संच) 16 पासून (2021) स्थिरावलेलं जेपॅकेज रनटाइमसकट इन्स्टॉलर बनवतं, तेही प्रत्येक सिस्टिमवर वेगळं चालवून.

खिडक्या-बटणांचं ॲप आणि टीम वेबवाली असेल तर वेब तंत्रावर डेस्कटॉप ॲप बनवणारं इलेक्ट्रॉन. क्रोमियम (ब्राउझर) आणि नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं रनटाइम) सोबत जातात, त्यामुळे साधी खिडकीसुद्धा शंभर एमबीच्या पुढे जाते. पण ॲप सगळीकडे सारखंच दिसतं. त्याचा पर्याय असलेलं टॉरी सिस्टिमचाच वेबव्ह्यू (वेबपान दाखवणारा भाग) वापरतं, त्यामुळे आकार खूप लहान होतो. मात्र तिथे तीन वेगळ्या वेबव्ह्यूंवर तपासणी आली. छोट्या टीमने इलेक्ट्रॉनच घ्यावं असं माझं मत.

काहीही निवडलं तरी सायनिंग (फाइलवर बनवणाऱ्याची डिजिटल सही) टळत नाही, म्हणून त्याचा खर्च पहिल्या दिवशीच धरा. मॅकवर 10.15 पासून डाउनलोड केलेल्या ॲपला नोटरायझेशन (ॲपलकडून तपासणी) लागतं. त्यासाठीचं ॲपलचं सदस्यत्व वर्षाला 99 डॉलर. मॅकओएस 15 ने तर राइट-क्लिक करून उघडण्याची पळवाटही बंद केली. विंडोजवर सही नसेल तर स्मार्टस्क्रीन हा सुरक्षेचा इशारा आडवा येतो, आणि जून 2023 पासून कोड सायनिंगची खासगी किल्ली हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते. टूल फक्त लिनक्सच्या सर्व्हरवर चालणार असेल तर यातलं काहीच लागत नाही. तिथे चेकसम (फाइल बदलली नाही हे तपासण्याचा आकडा) द्या आणि फाइल झिपऐवजी टार करून पाठवा. कारण विंडोजवर बांधलेल्या झिपमधून एक्झिक्युट करण्याची परवानगी सोबत जात नाही आणि पहिल्याच कमांडला ‘परमिशन डिनाइड’ येतं.