डिक्कीतले इमर्जन्सी दिवे: नागपूरचे तिन्ही ऋतू काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या आधी गाडीसाठी एलईडीचे इमर्जन्सी दिवे घेतले. हिवाळा, उन्हाळा, पावसाळा असे तिन्ही ऋतू ते गाडीत राहिले आणि रस्त्यावर कामीही आले. दुकानात किंवा ऑनलाइन घेताना लोक बघतात ती चमक आणि मोडची संख्या. मागून येणाऱ्याला हा दिवा किती लांबून दिसेल आणि पाहून त्याला काय कळेल, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते निवड त्यावरच करावी.

आम्ही राहतो नागपुरात, संत्र्याची बाग काटोलकडे. आंबिया बहाराचा माल निघू लागला की कळमन्याच्या मार्केटसाठी रात्री-पहाटेच्या फेऱ्या असतात. वाटेत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भेटतात, मागे दिवा नाही आणि रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. ट्रक बंद पडला तर ड्रायव्हर मागे दगड मांडतो, फांद्या तोडून टाकतो. दुरुस्ती झाली की ट्रक निघून जातो, दगड तिथेच राहतात. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात असा दगड चाकाखाली आला तर काय होईल, हे सांगायला नको.

गाडी बंद पडल्यावर मागे रस्त्यावर ठेवायचा, गाडीसोबत मिळालेला लाल रिफ्लेक्टरचा त्रिकोण आहेच, तो मी काढून टाकलेला नाही. पण त्रिकोणाला स्वतःचा उजेड नसतो. मागच्या गाडीचा हेडलाइट त्यावर पडला तरच तो चमकतो. वळण असलं, चढाच्या पलीकडे गाडी उभी असली किंवा मागच्याचा दिवा डिपरवर, म्हणजे लो बीमवर, असला, तर तो फार उशिरा दिसतो. शिवाय जड ट्रक जवळून गेला की हलका त्रिकोण वाऱ्यानं आडवा पडतो. आता हिशोब बघा. ताशी 80 किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात 22 मीटर कापते. समृद्धीवर कारला 120 ची मुभा आहे, तिथे एका सेकंदात 33 मीटर. नजरेला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच दीड-दोन सेकंद जातात, गाडी थांबायला लागणारं अंतर त्यापुढे. त्यामुळे 50 मीटरवर ठेवलेली खूण वेगाच्या रस्त्यावर जवळजवळ कामाची नाही.

मी घेतलेल्या संचात तळहाताएवढ्या गोल चकत्या आहेत, तळाशी चुंबक, चार्जिंग यूएसबीवर. त्याशिवाय सेलवर चालणारा एक वेगळा दिवा घेतला. घेतल्यावर पहिलं काम केलं ते बागेकडच्या सुनसान रस्त्यावर जाऊन बघण्याचं. भाच्यानं चकत्या रस्त्याच्या कडेला ठेवल्या आणि मी डिपरवर गाडी घेऊन लांबून आलो. सपाट रस्त्यावर त्या छान दिसल्या. जिथे रस्त्याला जरा उंचवटा होता किंवा कडेला गवत होतं, तिथे अगदी जवळ येईपर्यंत पत्ता नाही. तीच चकती गाडीच्या टपावर चिकटवली तर कितीतरी आधी दिसते. म्हणून माझी पद्धत ठरली: एक टपावर, बाकीच्या मागे रस्त्यावर अंतरानं. टपावरची सांगते की इथे गाडी आहे, रस्त्यावरच्या सांगतात की आधीपासून बाजू बदल.

स्पेनमध्ये 1 जानेवारी 2026 पासून त्रिकोणाऐवजी टपावर लावायचा पिवळा चमकता दिवा सक्तीचा झाला आहे. त्रिकोण ठेवायला चालत जाणारी माणसंच गाडीखाली येत होती, हे त्यामागचं एक मोठं कारण. तो मुद्दा आपल्यालाही लागू आहे. चकत्या ठेवायला जाताना समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, रस्त्याच्या बाहेरून चालावं, हातात एक दिवा चालू ठेवावा. ठेवून झालं की सगळ्यांनी गाडीपासून लांब, कठड्याच्या पलीकडे थांबावं. गाडीत बसून राहू नये. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 या हेल्पलाइनला फोन करावा.

मोडबद्दल स्पष्ट सांगतो. भराभर लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो, पण तो किती लांब आहे याचा अंदाज अंधारात येत नाही. हळू लुकलुकणारा चांगला, साधारण गाडीच्या इंडिकेटरच्या चालीचा. रंग लाल किंवा पिवळा घ्या. निळा आणि लाल-निळा घेऊ नका. निळा दिवा आपत्कालीन गाड्यांचा आहे, खासगी गाडीवर लावायचा नाही.

आता उन्हाळा, कारण नागपुरात खरी परीक्षा तिथेच होते. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना उन्हात उभ्या बंद गाडीत पारा कुठल्या कुठे जातो. लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे 45 अंशांच्या वर चार्ज करायची नसते आणि सतत उष्णतेत पडून राहिली तर तिची ताकद कमी होत जाते. माझ्या एका चकतीचं तेच झालं. दिवाळीत रात्रभर चालायची, जूनमध्ये मध्यरात्रीच्या आत मंदावली. तेव्हापासून एप्रिल ते जून चकत्या घरात असतात, प्रवासाला निघताना सोबत घेतो. सेलवाल्या दिव्यात साधे अल्कलाइन सेल ठेवू नका, गळतात आणि आतल्या पट्ट्या खाऊन टाकतात. त्याच मापाचे एकदाच वापरायचे लिथियम सेल महाग पडतात, पण उष्णता सोसतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. गाडीत कायम राहणारा दिवा हाच.

पावसासाठी दिव्यावर लिहिलेल्या आयपी67 या पाणी-धूळरोधक दर्जाचा अर्थ असा की एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकायला हवं. पण ते यूएसबीच्या तोंडावरचं रबरी झाकण घट्ट बसलं तरच. एका चकतीचं झाकण सैल झालं आणि आत बाष्प दिसायला लागलं. विक्रेत्यानं बदलून दिली नाही. तुम्ही घेताना झाकण दोन-चारदा उघडून-लावून बघा. चुंबक प्लॅस्टिकच्या बंपरला चिकटत नाही, आणि धुळीच्या पत्र्यावर सरकवला तर रंगावर ओरखडे येतात.

जुलैत कळमेश्वरच्या पुढे शेजारच्या बागवाल्यांचा टेम्पो भर पावसात पंक्चर झाला. स्टेपनी बदलेपर्यंत मी मागे चकत्या मांडून दिल्या. मागून येणारे ट्रक बरेच आधीपासून उजवीकडे होत होते. एकानं वेग कमी करून काच खाली केली आणि म्हणाला, "भाऊ, लांबूनच समजून राहिलं होतं का इथं काही उभं हाय." मला हवं होतं ते नेमकं हेच.

आज पुन्हा घ्यायचे तर चमकेचे आकडे बघणार नाही. कडेनं एलईडी असलेल्या तीन चकत्या आणि सेलवर चालणारा, टपावर बसणारा एक दिवा घेईन. हजार-दीड हजारात दोन्ही बसतात. सोबत चमकणारं जॅकेट घ्याच, ते त्याहून स्वस्त. आणि आमच्या ट्रॉलीला मागे तांबडी रिफ्लेक्टर टेप आडवी लावून घेतली आहे, आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं पुसायला सांगितलं आहे.