नैरोबीच्या ‘बेवारस इस्टेटी’च्या नावाखाली झालेली फसवणूक

आमच्या काकांचे 63,000 रुपये गेले. पण पैशांपेक्षा मोठं संकट थोडक्यात टळलं. ज्यांच्या घरातलं कुणी पूर्वी आफ्रिकेला गेलं होतं, अशा सगळ्यांना हा प्रकार कळावा म्हणून सविस्तर लिहितेय.

माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ ब्रिटिश अमदानीत मुंबईहून आगबोटीनं आजच्या केनियातल्या मोंबासा बंदरात गेले आणि तिथे रेल्वेत कारकून झाले. काही वर्षं पैसे येत होते, मग पत्रंही थांबली. घरात एवढंच माहीत. चुलतभावानं मोठ्या हौसेनं घराण्याची वंशावळ फेसबुकवर टाकली होती, कोण कुठल्या गावी, कोण आफ्रिकेला, सगळं त्यात होतं.

गेल्या पावसाळ्यात काकांना फोन आला. बोलणारा मराठीच, अदबीनं बोलणारा. नैरोबीतल्या वकिलांचा ठाण्यातला प्रतिनिधी आहे म्हणाला. व्हॉट्सॲपवर त्यानं केनिया गॅझेट या तिथल्या सरकारी राजपत्रातल्या 1930 च्या दशकातल्या एका नोटिशीचा फोटो पाठवला. वर पणजोबांच्या त्या भावाचं पूर्ण नाव, खाली ‘किसुमू’ हे केनियातलं शहर आणि मृत्यूची तारीख. ते कुठे, कधी गेले हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर तो माणूस जे सांगेल ते त्यांना खरंच वाटणार होतं.

आणि नोटीस खरीच होती! ते गॅझेट 1899 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतात. मोंबासाहून किसुमूपर्यंतची ‘युगांडा रेल्वे’ बांधायला 1896 ते 1901 या काळात हिंदुस्थानातून बत्तीस हजारांच्या आसपास मजूर नेले होते. पुढे कारकून, स्टेशनमास्तर, दुकानदार गेले. त्यांच्यातलं कुणी तिथे वारलं की सरकारी विश्वस्त, म्हणजे पब्लिक ट्रस्टी, अनेकदा त्याच्या इस्टेटीची नोटीस छापायचा. गोवेकर, पंजाबी, गुजराती आणि आपली मराठी नावंही त्यात सापडतात. एकीकडे फेसबुकवरची वंशावळ, दुसरीकडे गॅझेट. नाव जुळवायला अक्कल लागत नाही, फक्त वेळ लागतो.

फोटो मात्र मुद्दाम कापलेला होता. ‘मयताच्या इस्टेटीवर ज्यांचा दावा असेल त्यांनी तो अमुक तारखेच्या आत सिद्ध करावा’, इथेच तो संपत होता. नंतर मी त्या अंकाचं पूर्ण पान उघडलं. त्याच वाक्याचा पुढचा भाग असा की त्या तारखेनंतर सिद्ध झालेले दावे चुकते होतील आणि इस्टेटीचं कायद्याप्रमाणे वाटप होईल. म्हणजे ही नोटीस हिशेब मिटवण्यासाठी काढलेली. पैसे पडून आहेत असं ती कुठेच सांगत नाही. माणूस कुठे राहत होता, कधी वारला, केस नंबर काय, एवढं ती सांगते, आणि घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याला तेवढं सोन्यासारखं आहे.

पहिले 18,000 ‘दावा नोंदणी’चे म्हणून घेतले. मग 1939 सालचं म्हणून बँकेचं एक पत्र आलं, शिल्लक केनियन शिलिंगमध्ये, वर ‘रिपब्लिक ऑफ केनिया’चा शिक्का. केनिया स्वतंत्र झाला डिसेंबर 1963 मध्ये, प्रजासत्ताक 1964 मध्ये, आणि केनियन शिलिंग आला 1966 मध्ये. 1939 साली तिथे ईस्ट आफ्रिकन शिलिंग चालायचा. पत्र नव्यानं बनवलेलं होतं हे उघड आहे. त्या पत्राच्या जोरावर ‘तिथला वारसा कर’ म्हणून आणखी 45,000 उकळले. केनियात आज वारसा कर नाहीच.

शेवटी आले कागद. काकांकडून आधार, पॅन आणि नोटरी केलेलं कुलमुखत्यारपत्र घेतलं, आत्यांकडून स्टॅम्पपेपरवर हक्कसोड मागितला. धाकटी आत्या तलाठी म्हणून निवृत्त झालेली. सही करण्याआधी तिनं काकांनी दिलेल्या मुखत्यारपत्राची प्रत मागवून घेतली आणि वाचली. त्यात केनियाचं नावच नव्हतं. ‘वडिलोपार्जित सर्व स्थावर व जंगम मिळकती, त्या कोठेही असोत’ असं लिहिलेलं होतं, आणि विक्री करण्याचा अधिकारही.

“दादा, हे किसुमूचं नाही रे,” ती म्हणाली. “हे आपल्या गावच्या कलमांच्या बागेचं आहे.”

सातबारावर आजही काका आणि तिन्ही बहिणींची नावं आहेत. बहिणींचा हक्कसोड आणि भावाचं मुखत्यारपत्र एकाच माणसाच्या हातात गेलं असतं तर पुढे काय झालं असतं, हे कोकणात कुणाला समजावून सांगायला नको. या माणसाचा मला मनापासून राग आहे. त्यानं पंचाहत्तरीच्या माणसाच्या मायेचा बाजार मांडला.

आम्ही 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली. पैसे आलेले नाहीत, फोन केला तेव्हा बराच काळ लोटला होता. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर ते खात्यात गोठवता येण्याची शक्यता बरीच जास्त असते. मुखत्यारपत्र रद्द केल्याचा दस्त केला, त्या माणसाला पोस्टानं कळवलं, स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस दिली आणि तलाठी कार्यालयातही लेखी अर्ज दिला.

असा फोन तुमच्याकडे आला तर गॅझेटची तारीख आणि पान क्रमांक मागा आणि पान स्वतः उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. केनियात दावा न झालेल्या आर्थिक मालमत्तेसाठी 2011 च्या कायद्यानं वेगळं प्राधिकरण आहे, तिथे नाव शोधायला पैसे लागत नाहीत. ब्रिटनमध्येसुद्धा सरकारजमा झालेल्या बेवारस इस्टेटीवर मृत्यूनंतर तीस वर्षांपलीकडचा दावा चालत नाही. वंशावळ नातेवाइकांपुरतीच ठेवा. कुलमुखत्यारपत्र मागितलं तर त्यात कुठली मिळकत, कुठल्या गावची, कुठल्या देशातली हे नावानिशी लिहिलेलं नसेल, तर त्यावर सही करू नका.