शनिवारचा शास्त्राभ्यास वर्ग: उपासना चालवणाऱ्या सामान्य विश्वासीयांसाठी

पुणे कॅम्प परिसरातील एका मराठी ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) चालवलेला शास्त्राभ्यास, म्हणजे बायबल अभ्यासाचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. ज्यांची पाळकपदाची (धर्मगुरूपदाची) दीक्षा झालेली नाही, परंतु पाळक बाहेरगावी असताना ज्यांना उपासना चालवावी लागते, घरसभेत संदेश द्यावा लागतो किंवा संडे स्कूलमध्ये शिकवावे लागते, अशा विश्वासीयांसाठी हा वर्ग आहे. तो आपल्या हेतूला पुरेपूर उतरतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुण्यात धर्मशिक्षणाच्या मोठ्या संस्थांची वाण नाही. नगर रस्त्यावरील पेपल सेमिनरी १९५५ मध्ये श्रीलंकेतील कँडीहून येथे आली आणि बिबवेवाडीतील युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून आली. मात्र तेथील मुख्य अभ्यासक्रम पूर्णवेळ सेवेत जाणाऱ्यांसाठी, काही वर्षांचे आणि इंग्रजी माध्यमाचे आहेत. कारखान्यातली पाळी सांभाळून किंवा घरचे सगळे उरकून मराठीतून शिकू पाहणाऱ्याला शनिवारची संध्याकाळच मोकळी मिळते, आणि हा वर्ग नेमका तेव्हाच भरतो.

शिकवण्याची पद्धत वरवर साधी आहे. आधी शास्त्रभाग मोठ्याने वाचायचा, मग त्यात काय लिहिले आहे एवढेच सांगायचे, त्यानंतर पहिल्या वाचकांना त्याचा काय अर्थ लागला असेल हे शोधायचे आणि सर्वांत शेवटी आपल्या मंडळीला त्यातून काय सांगता येईल, याकडे वळायचे. हा क्रम मोडू द्यायचा नाही, याबाबत शिकवणारे पाळकसाहेब कमालीचे आग्रही होते, आणि त्याचे फळ फिलेमोनाच्या पत्राच्या अभ्यासात दिसले. प्रेषित पौलाने अनेसिम या दासाला त्याच्या मालकाकडे, फिलेमोनाकडे, परत पाठवताना त्याचा स्वीकार करावा म्हणून लिहिलेले हे पत्र अवघ्या पंचवीस वचनांचे आहे, म्हणून बहुतेकांनी ते आजवर घाईने ओलांडले होते. आम्हाला विचारण्यात आले, “पौलाला जी आज्ञा करण्याचा अधिकार होता, ती त्याने का केली नाही?” आठव्या आणि नवव्या वचनांत तो अधिकार बाजूला ठेवून प्रीतीस्तव विनंती करतो. अठराव्या वचनात अनेसिमाचे देणे स्वतःच्या नावावर मांडायला सांगतो. बाविसाव्यात तर आपल्यासाठी राहण्याची खोली तयार ठेवायला सांगतो, म्हणजे आपण स्वतः येऊन पाहणार आहोत हेही फिलेमोनाला कळते. शिवाय पत्राच्या आरंभी फिलेमोनाच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही सलाम आहे. मालक आणि दास यांच्यातला हा प्रश्न त्यामुळे दोघांपुरता खासगी राहत नाही. कलस्सैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात अनेसिमाचा उल्लेख विश्वासू व प्रिय बंधू असा येतो, हेही आम्हालाच शोधून काढायला लावले. इतके वाचून झाल्यावर क्षमेवर चार गोड वाक्ये बोलून संदेश संपवण्याचे धाडस कोणालाच झाले नाही.

वर्गाची दुसरी, आणि माझ्या मते अधिक मौल्यवान बाजू म्हणजे उत्तेजन देण्याची रीत. प्रत्येकाला आळीपाळीने छोटा संदेश द्यावा लागतो. त्यानंतर सर्वांसमोर फक्त काय उपयोगी पडले ते सांगायचे. चुकीची दुरुस्ती मात्र नंतर एकांतात होते. याचा आधार प्रेषितांची कृत्ये, अध्याय अठरा, वचन सव्वीस येथे आहे. वाक्पटू उपदेशक अपुल्लोला अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांनी आपल्याजवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक अचूकपणे समजावून दिला. ज्या लोकांनी आयुष्यभर बाकावर बसून ऐकले आहे, त्यांचा आवाज पहिल्यांदा वेदीजवळ उभे राहिल्यावर कापतो, आणि त्या वेळी चारचौघांत झालेली टीका माणसाला कायमचे गप्प करू शकते. आमच्या गटातल्या एका मावशींनी शेवटच्या महिन्यात स्तोत्र १२१ वर दिलेला संदेश आजही माझ्या लक्षात आहे.

स्त्रियांचा विषय निघालाच आहे, तर एक नाराजी नोंदवायला हवी. वर्गात बहिणींची उपस्थिती भावांपेक्षा अधिक होती, पण प्रत्यक्ष रविवारच्या उपासनेत बोलण्याची संधी त्यांतल्या मोजक्या जणींनाच मिळाली. ज्या पुणे जिल्ह्यात, केडगावला, दीक्षा न घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले, तेथे हे फारच खटकते. ते भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरी उणीव साहित्याची आहे. टिपणांच्या झेरॉक्स प्रती जागोजागी पुसट आहेत, आणि संदर्भासाठी सुचवलेली पुस्तके जवळजवळ सगळी इंग्रजी आहेत, त्यामुळे ज्यांच्यासाठी वर्ग मराठीत ठेवला त्यांनाच घरी पुढे वाचता येत नाही. जुन्या करारालाही पुरेसा वेळ दिला गेला नाही. त्यातली संदेष्ट्यांची पुस्तके तर जवळपास राहूनच गेली. वर्ग संपल्यावर सहा महिन्यांनी सर्वांना पुन्हा बोलावून त्यांनी कोठे, काय शिकवले याची विचारपूस करावी, अशी लेखी सूचना मी दिली आहे. तीमथ्याला दुसरे पत्र, अध्याय दोन, वचन दोन येथे पौल ज्या साखळीची अपेक्षा करतो, म्हणजे ऐकलेल्याने विश्वासू माणसांना सोपवावे व त्यांनी इतरांना शिकवावे, ती साखळी अशा पाठपुराव्याशिवाय वर्गाच्या दाराशीच तुटते.

शुल्क नाममात्र आहे आणि मधल्या वेळेत चहा मिळतो. शनिवारी संध्याकाळी कॅम्पात गाडी लावायला जागा सापडणे कठीण, म्हणून बसने पुलगेटला उतरून चालत जाणे सोयीचे. प्रवेशासाठी आपल्या पाळकांचे शिफारसपत्र लागते, तेव्हा आधी त्यांच्याशी बोलून घ्यावे. रुंद समास असलेले पवित्र शास्त्र आणि एक वही सोबत न्यावी. पहिल्याच दिवशी लिहिण्याचे काम भरपूर असते.