डिझेलवर जीएसटी दिसला आणि मी खूश झालो! गेले ८,०४,९४८ रुपये

'दुबईचं डिझेल, ५२ रुपये लिटर, पेपर एकदम क्लिअर' असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. एवढं वाचून निघून गेलात तरी चालेल. पुढे बराचसा माझा संताप आहे.

नागपूरजवळ माझी गिट्टीची खदान आणि क्रशर आहे. पोकलेन, टिप्पर, जनरेटर, सगळं डिझेल पितं. एका व्यापाऱ्याच्या ओळखीतून नवी मुंबईचा एक 'इम्पोर्ट कन्सल्टंट' गळ्यात पडला. ही माणसं कशी बोलतात ते तुम्ही जाणताच, पाल्हाळ लावत नाही. हिशेब लिहितो. आयईसी (आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक) काढायचे १२,००० (सरकारी फी ५०० रुपये आहे, स्वतः ऑनलाइन काढा). 'डीजीएफटी फ्यूएल लायसन्स'चे १,७५,००० (डीजीएफटी म्हणजे परकीय व्यापार बघणारं केंद्राचं खातं). पेसोच्या (स्फोटकं आणि इंधनसाठ्याची सुरक्षा बघणारं सरकारी खातं) परवानगीचे ८५,०००. वीस हजार लिटरचा एक कंटेनर, किंमत १०,४०,०००, त्याचा तीस टक्के ॲडव्हान्स ३,१२,०००. आणि शेवटी कस्टम ड्यूटी म्हणून २,२०,९४८.

आता त्या ड्यूटीच्या कागदाबद्दल. रात्री जेवताना व्हॉट्सॲपवर बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे आयात मालाच्या कस्टमच्या कागदाची, पीडीएफ आली. न्हावाशेवाचा पोर्ट कोड, माझ्या फर्मचं नाव, माझा पॅन, सगळं बिनचूक. बेसिक ड्यूटी २६,०००, सरचार्ज २,६००, आणि खाली आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) १८ टक्के, १,९२,३४८. डिझेलवर आयजीएसटी! अहो, डिझेल जीएसटीत नाही हे शेंबड्या पोराला माहीत आहे. आमचा सीए दर महिन्याला डिझेलची बिलं बाजूला काढतो, 'याचं क्रेडिट नाही' (म्हणजे यातला कर आपल्या जीएसटीतून वजा होत नाही) म्हणत, आणि मी दर महिन्याला सरकारच्या नावाने बोटं मोडतो. तरी ती ओळ बघून मला शंका आली नाही, आनंद झाला. त्याने आधीच पेरून ठेवलं होतं, "भाऊ, इम्पोर्टच्या डिझेलवर इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणून तर मोठ्या कंपन्या बाहेरून आणतात." वर्षानुवर्षं जे मिळत नाही म्हणून मी कुरकुरत होतो, नेमकं तेच त्याने ताटात वाढलं. सीएला पीडीएफ पाठवली असती तर तो तिथेच हसला असता. मी सकाळी बँक उघडताच आरटीजीएस केला.

पेसोचंही तेच. मुख्य कार्यालय नागपुरात, सेमिनरी हिल्सला. आमच्या ब्लास्टिंगमुळे हे नाव मला नवीन नाही. याच्या पत्रावर मात्र 'पेसो, नवी दिल्ली'. विचारलं तर म्हणे, "स्फोटकांचं नागपूर, फ्यूएलचं दिल्ली." आणि एवढं डिझेल साठवायचं तर जिल्हाधिकाऱ्यांचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, जागेचा नकाशा लागतो. त्याने यातलं काहीच मागितलं नाही. जो कमी कागद मागतो त्याच्यापासून लांब राहा.

आता लोक म्हणतात, लोभ केलास. लोभ कसला? कच्चं तेल खाली आलं तरी पंपावरचा भाव हलत नाही, ज्याचा धंदा डिझेलवर चालतो तो पर्याय शोधणारच. मी चोरीचं डिझेल मागत नव्हतो, लायसन्स मागत होतो, त्याचे पैसे मोजत होतो. नंतर कळलं की असं लायसन्स माझ्यासारख्याला मिळूच शकत नाही. डिझेल आणू शकतात इंडियन ऑइलसारख्या सरकारी कंपन्या, किंवा पेट्रोलियम मंत्रालयाने इंधन विकण्याचा अधिकार दिलेल्या कंपन्या. २०१९ च्या नियमांनुसार त्या अधिकारासाठी किमान नेटवर्थ २५० कोटी. माझ्या क्रशरसकट सगळं गाव विकलं तरी भरायचं नाही. पण हे सांगतो कोण?

ओळखीच्या कस्टम ब्रोकरने आइसगेटवर, म्हणजे कस्टमच्या पोर्टलवर, तो बिल ऑफ एंट्री नंबर टाकला. असा नंबरच नाही. दोन मिनिटांचं काम, पैसे भरण्याआधी करा. ड्यूटी आइसगेटच्या चलनाने भरतात, कुठल्याशा ट्रेडिंग फर्मच्या करंट अकाउंटमध्ये नाही. परदेशी मालाचे पैसेही तुमच्या बँकेतून परदेशी विक्रेत्याला जातात. 'आमच्या इथल्या पार्टनरला द्या' म्हटलं की समजा.

मग पोलीस. ठाण्यात पहिला प्रश्न मलाच, "डिझेल कशाला मागवत होता? लायसन्स दाखवा." साहेब, तेच तर खोटं निघालं! मग म्हणे व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. मग म्हणे पैसे घेणारा नवी मुंबईचा, तिकडे जा. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावा लागतो म्हटल्यावर, "कायदा आम्हाला शिकवू नका." १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तर तुम्ही स्वतः ओळखीच्या माणसाला पैसे पाठवलेत, ठाण्यात जा. आर्थिक गुन्हे शाखेला रक्कम लहान वाटली. बँकेला खातं गोठवायला पोलिसांचं पत्र हवं, पोलिसांना आधी बँकेकडून समोरच्या खात्याचा तपशील हवा. डीजीएफटीच्या हेल्पडेस्कचं उत्तर आलं की असं लायसन्स ते देतच नाहीत. बरं! म्हणजे बनावट आहे हे सगळ्यांना मान्य, फक्त गुन्हा कोणी नोंदवायचा नाही. जीएसटी रिटर्नला एक दिवस उशीर झाला तर दंड मात्र आपोआप लागतो.

पैशांपेक्षा मोठी धास्ती वेगळीच आहे. आयईसी माझ्या पॅनवर, पण नोंदणीत मोबाइल आणि ईमेल त्याचा. कांडला, मुंद्रा, न्हावाशेवा, सगळीकडे 'बेस ऑइल' किंवा 'मिनरल स्पिरिट' सांगून डिझेल उतरवल्याची प्रकरणं पकडली गेली आहेत, आणि असा माल सापडला की कस्टम कायद्याच्या कलम १०८ चं समन्स आयईसीधारकाच्या नावाने निघतं. दंडही त्याच्यावरच. म्हणून सीएला बसवून आधी आयईसीमधला मोबाइल-ईमेल बदलायचा अर्ज केला. तुमचा आयईसी एजंटने काढला असेल तर डीजीएफटीच्या पोर्टलवर नंबर कोणाचा आहे ते आजच बघा. डिजिटल सिग्नेचरचा टोकन त्याच्याकडे असेल तर काढून घ्या.

या माणसाने आणखी क्रशरवाल्यांना आणि ट्रान्सपोर्टवाल्यांना गाठलंय, दोघांशी माझं बोलणं झालं. दोघं लाजेने गप्प आहेत. कोणाचे अडकले असतील तर आरटीजीएसच्या पावत्या आणि ते चॅट उडवू नका, मला कळवा. सगळ्यांची रक्कम एका अर्जात टाकली तर आर्थिक गुन्हे शाखेला ती लहान म्हणता येणार नाही.