पत्र्याची शेड की स्लॅबची इमारत? सीनाकाठच्या गावांसाठी

गेल्या दोन महिन्यांत सीनाकाठच्या तीन गावांतून मला एकाच विषयावर फोन आले. पुरानंतर गावासाठी एक निवारा केंद्र बांधायचंय, थोडा निधी आहे, थोडी लोकवर्गणी जमेल. शेड मारावी की स्लॅब टाकावा? दोन्हींच्या बैठकांत मी हाडं झिजवलीत आणि दोन्हींत पुराच्या दिवसांत मुक्काम केलाय. इंजिनिअर नाही, त्यामुळे हे डोळ्यांनी बघितलेलं नि कानांनी ऐकलेलं समजा. कानांनी जरा जास्तच.

मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावात २०२०च्या ऑक्टोबरातल्या अतिवृष्टीनंतर शेड झाली. मीच त्या बाजूनं बोललो होतो. माढा तालुक्यातल्या माझ्या सासुरवाडीनं त्याच वर्षी स्लॅबचा हट्ट धरला. मग २०२५च्या सप्टेंबरात, ऐन घटस्थापनेच्या सुमारास, सीनेनं दोन्हींची परीक्षा घेतली.

जागेबद्दल थोडक्यात सांगतो. पाटबंधारेवाल्यांची निळी रेषा (पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर) नि लाल रेषा (शंभर वर्षांतून एकदा) आधी विचारून घ्या. पण तेवढ्यावर थांबू नका. या वेळचं पाणी आपल्या पावसाचं कमी नि वरचं जास्त होतं. परांड्याकडची सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी ही धरणं भरून वाहिली आणि लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद पडला. जुनी माणसं पांढरीवर (गावठाणाच्या उंचवट्यावर) राहायची ती उगाच नाही. भिंतींवर २०२५च्या चिखलाची रेघ अजून दिसत असेल, तर जोतं तिच्यावर किमान हातभर ठेवा, मग वर शेड असो की स्लॅब.

पायाच्या बाबतीतही दोघं सारखेच. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते नि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. 'शेड हलकी असते, वरवर खड्डे घेतले तरी चालतं' असं सांगणारा फॅब्रिकेटर भेटला तर चहा पाजून वाटेला लावा. आमच्या शेडचे दोन खांब तिसऱ्या उन्हाळ्यात किंचित कलले, कारण तिथं खड्डा मुरुमापर्यंत गेलाच नव्हता. काळी माती काढायची, कडक थर गाठायचा, वर प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीला खांब जोडणारी काँक्रीटची आडवी तुळई) बांधून घ्यायची. इथं पैसे वाचवून चालत नाही.

वेगात मात्र शेडला तोड नाही. आमचे फाउंडेशन बोल्ट बसल्यापासून पत्रे चढेपर्यंत सगळं मिळून साडेतीन महिने लागले. मध्ये खांब नाही, चाळीस फूट मोकळं. सासुरवाडीत कॉलम उभे राहिले आणि निधीचा दुसरा हप्ता अडला. उघड्या सळ्या गंजत राहिल्या, दोन पावसाळे गेले, सासरे येता-जाता तिकडं बघून मान हलवायचे. स्लॅब पडला तो २०२३च्या दिवाळीनंतर. खर्च, माझ्या अंदाजानं, शेडच्या दीडपटीच्या पुढं गेला. ज्याला येत्या जूनच्या आत डोक्यावर छप्पर हवंय, त्यानं हे नीट तोलावं.

आमच्याकडं शेडच्या बाजूनं आणखी एक गोष्ट होती: किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आपल्याकडच्या साठीच्या पुढच्या कुणाला विचारा, कुठं होतात ते सांगतात. बैठकीत म्हातारी मंडळी एकच म्हणत होती, डोक्यावर जड नको, पत्रा बरा. त्यांना खोटं पाडायला माझी जीभ रेटेना. पण तिथं माणसं गाडली गेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती नि वरच्या माळवदाच्या मातीच्या ओझ्याखाली. कॉलम-बीम एकमेकांत नीट गुंतवलेली इमारत वेगळी असते. एवढंच बघा, की कॉलममधल्या उभ्या सळ्यांना आवळणाऱ्या रिंगांची टोकं आतल्या बाजूला १३५ अंशांत वळवलीत. सेंट्रिंगवाले काटकोनात वळवून मोकळे होतात. काँक्रीट पडलं की कुणाला दिसतंय.

वळवाचा वाराही लक्षात घ्या. मे महिन्यात आमचे चार पत्रे उडाले, एक थेट शाळेच्या पटांगणात. सुट्टी होती म्हणून बरं. तेव्हापासून दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या आधी कुणीतरी वर चढून जे-बोल्ट आवळतो.

हे सगळं मी सहन केलं असतं. माझं मन फिरलं ते आवाजानं.

हे बांधताना कुणी सांगत नाही, कारण शेड बघायला आपण जातो ते दिवाळीनंतर, कोरड्या हवेत. पुराच्या तिसऱ्या दिवशी आमच्या शेडमध्ये शंभरेक माणसं होती. सोलापुरातून कडक भाकरी, शेंगाची चटणी, चादरींचे गठ्ठे आले होते. तलाठी (आता त्यांचं नाव बदललंय, पण आमच्या तोंडात तेच बसलंय) घरात पाणी शिरलेल्यांची यादी वाचायला उभे राहिले. दहा नावं झाली नि सर आली. पत्र्यावर मूठमूठ खडी फेकल्यासारखा आवाज. भाऊसाहेब ओरडू लागले, मग नुसते ओठ हलताना दिसू लागले, मग त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. सर थांबली की पुन्हा सुरुवात, पुन्हा सर. त्या गोंधळात एकाच आडनावाची, एकाच आद्याक्षराची दोन घरं एक झाली. ते निस्तरायला आठ दिवस मी तालुक्याला खेटे घातले. आरोग्य पथकातल्या डॉक्टर बाई आल्या, त्यांनी एका पोराच्या छातीला नळी लावली नि हातानं खूण केली: ऐकू येत नाही, बाहेर ओट्यावर चला. बाहेर पाऊस.

दिवस तरी निघतो. रात्री नदीतून वाचून आलेली माणसं खाली सतरंजीवर आणि वर तो पत्रा. साधी भुरभुर आली तरी आत मुसळधार वाटते. माझी चुलती, जिची मागची भिंत तिच्या डोळ्यांदेखत पाण्यात बसली, दर सरीला उठून गाठोडं बांधायची. मी बॅटरी घेऊन बाहेर जायचो, ओट्याच्या पायरीपर्यंतही पाणी नाही हे बघून यायचो, तिला सांगायचो. तिला ते ऐकूच जायचं नाही. मग तिचा हात धरून पायरी दाखवायला न्यायचं. एका रात्रीत चार वेळा.

त्याच आठवड्यात सासुरवाडीला गेलो. तिथंही ऐंशीएक माणसं, तीच ओल, तोच डिझेलचा नि चिखलाचा वास. स्लॅबला एका कोपऱ्यात गळती होती, खाली बादली लावलेली. पहाटे सासूबाई चूळ भरायला बाहेर आल्या, अंगणातलं पाणी बघून म्हणाल्या, "रात्री पडला का हो?" रात्रभर पडला होता.

मोजमाप काही केलेलं नाही. पण माझ्यापुरता निकाल तिथं लागला.

पफ पॅनेलचं (दोन पत्र्यांत फोम भरलेल्या फळ्यांचं) काय, असं विचाराल. पफचं छत असलेलं एक मंगल कार्यालय मी पावसात मुद्दाम जाऊन ऐकलं. आवाज बराच कमी होता. ऊनही कमी लागत असणार. पण आम्हाला आलेला दर धरला तर शेडचा स्वस्तपणा जवळजवळ संपतो. पत्र्याखाली थर्माकोलचं छत मारायचा सल्लाही मिळेल. आमच्याकडं मारलं होतं, उंदरांनी एका हंगामात त्याची चाळण केली.

स्लॅब थंड असतो या भ्रमात मात्र राहू नका. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढं गेला की तो दिवसभर ऊन पितो नि रात्री खाली सोडतो. वरून चुना मारला तर थोडा उतार पडतो. ब्रिकबॅट कोबा (गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा थर) नीट केला नाही तर गळती ठरलेली, वर ती बादली सांगितलीच. पण गच्ची मिळते. जिना बाहेरून ठेवा, म्हणजे कुलपाची किल्ली शोधत बसावं लागत नाही. सासुरवाडीत त्या गच्चीवर पुराच्या वेळी माणसं होती, ऊन पडल्यावर भिजलेली ज्वारी, पोरांची पुस्तकं आणि बँकांची पासबुकं वाळत होती. पत्र्यावर यातलं काही होत नाही.

वेळेची अडचण खरी आहे, ती मी झाकत नाही. यंदा आमच्या गावानं दुसरं केंद्र स्लॅबचंच ठरवलं, तेव्हा एक तोड काढली: पहिल्या पैशात पाया, जोतं आणि दोनच खोल्या, पण वर स्लॅबसकट पुऱ्या. मोठा हॉल पुढच्या हप्त्यात. अर्धवट कॉलम उभे करून वाट बघत बसायचं नाही. तुमच्याकडं पैसा एकाच वेळचा असेल, पुढचा भरवसा नसेल आणि लोक आज ताडपत्रीखाली असतील, तर शेड माराल त्याला मी चूक म्हणणार नाही. फक्त पावसात, एखाद्या शेडखाली उभं राहून शेजारच्याशी चार वाक्यं बोलून बघा, मग सही करा.

आमची जुनी शेड मोडायची नाही असं ठरलंय. पुरात जनावरं कुठं बांधायची हा प्रश्न तसाही होताच. चुलतीला तेही पटलेलं नाही. ती म्हणते, सर आली की म्हैस वैरणीवरून तोंड उचलते.