पॉपलर, बरेच महिने वापरल्यावर: कमांड छान, हेडरांनी छळलं

परवा पुन्हा बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बांधणं) फेल गेलं. सर्व्हरची इमेज नव्याने बांधली, तिच्यासोबत पॉपलर या पीडीएफ वाचणाऱ्या आणि रंगवणाऱ्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली आणि पानावरच्या रेघा शोधणारं आमचं मॉड्यूल कम्पाइल होईना. कालपर्यंत ज्या फंक्शनला साधा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) चालत होता त्याला आज मेमरी आपोआप सोडणारा युनिक पॉइंटर हवा. जे पॉपलरची स्वतःची गूस्ट्रिंग घेत होतं ते आता सी प्लस प्लसची एसटीडी स्ट्रिंग मागतंय. आमच्या कोडची एक ओळही बदलली नव्हती. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आता राग ताजा आहे तोवर लिहून टाकते.

पॉपलरबद्दल याहून जास्त सांगत बसत नाही. लिनक्सवर एव्हिन्स किंवा ओक्युलर या प्रोग्रॅममध्ये पीडीएफ उघडली असेल तर तुम्ही ते वापरलंच आहे. आमच्याकडे ते आलं पैशांमुळे. आधीची लायब्ररी विकतची होती, दर सर्व्हरमागे परवाना आणि दर वर्षी नूतनीकरण. एवढं भरूनही ‘या फाइलीतली अक्षरं गायब होतात’ अशी तक्रार केली की उत्तर यायचं, फाइल प्रमाणाला धरून नाही. अहो, प्रमाणाला धरून असलेली फाइल कोणीही उघडेल, पैसे उरलेल्या फाइलींसाठीच तर देत होतो! शेवटचं बिल पाहिलं आणि म्हटलं, बास.

पर्याय फार नव्हते. मुपीडीएफ वेगवान आहे, पण परवाना एजीपीएल (बदललेल्या कोडवर नेटवर्कवरून सेवा दिली तरी तो कोड खुला करा म्हणणारा), तो नको असेल तर पैसे मोजा. म्हणजे पुन्हा बिलच. २०१४ पासून खुलं असलेलं पीडीएफियम परवान्याला उदार, पण स्वतः बांधायचं तर क्रोमियमची सगळी अवजारं उतरवून घ्यावी लागतात. पॉपलर जीपीएल, म्हणजे सॉफ्टवेअर इतरांना वाटलं तरच कोड खुला करायचा. आमचं काम आमच्याच सर्व्हरवर चालतं, सॉफ्टवेअर कोणाला वाटायचं नाही, त्यामुळे तिथे काही अडलं नाही.

कमांडींबद्दल तक्रार जवळजवळ नाहीच. पानाचं चित्र काढणारं पीडीएफटूपीपीएम, मजकूर काढणारं पीडीएफटूटेक्स्ट, आतली चित्रं काढणारं पीडीएफइमेजेस, तिन्ही मुकाट्याने काम करतात. आधीच्या लायब्ररीत ज्यासाठी पानभर कोड लागायचा ते इथे एका ओळीत होतं. एवढंच सांगते की पीडीएफटूपीपीएम काही न सांगता १५० डीपीआयला (दर इंचाला १५० ठिपके) पान काढतं. ओसीआरला (चित्रातली अक्षरं ओळखायला) पाठवायचं असेल तर ३०० स्वतः लिहा. बारीक रेघा पुसट येत असतील तर थिनलाइनमोडचा पर्याय आहे, तो हाती लागेपर्यंत मी स्प्लॅशला, म्हणजे पॉपलरच्या पान रंगवणाऱ्या भागाला, नावं ठेवत होते. देवनागरी मजकूर मात्र फाइल बनवणाऱ्याच्या कृपेवर आहे. कोणती आकृती म्हणजे कोणतं अक्षर हे सांगणारा फाँटसोबतचा टूयुनिकोड तक्ता अर्धवट असेल तर जोडाक्षरांचा चुराडा होतो, आणि त्यात पॉपलरचा दोष नाही.

आता हेडर, म्हणजे लायब्ररीतलं काय आपल्या कोडमधून वापरता येतं ते सांगणाऱ्या फाइली. या लायब्ररीला बाहेरच्यांसाठी ठरवलेले दरवाजे आहेत: ग्लिब, क्यूटी आणि सीपीपी. तिथे शब्द पाळला जातो. ग्लिबवाल्या लायब्ररीचा आवृत्ती-आकडा (जुना कोड चालेनासा झाला की वाढणारा) कित्येक वर्षं ८ वरच आहे. आतला गाभा मात्र कोणाचाच बांधील नाही. त्याची हेडरं मुळात इन्स्टॉलच होत नाहीत, बिल्ड करताना वेगळा पर्याय चालू करावा लागतो आणि त्या पर्यायाच्या नावातच ‘अनस्टेबल’ असं लिहिलेलं आहे. आवृत्ती जवळपास दर महिन्याला येते, २०२० पासून तिचं नावच वर्ष आणि महिना असं असतं, आणि गाभ्याचा आकडा पळत असतो. डेबियन या लिनक्सच्या ११ व्या आवृत्तीत तो १०२ होता, १२ मध्ये १२६. एका डेबियनपासून पुढच्या डेबियनपर्यंत चोवीस वेळा ‘जुनं चालणार नाही’!

मग आम्ही तिथे गेलोच कशाला? तक्त्यांच्या रेघांसाठी. पान रंगवलं जात असताना प्रत्येक रेघ पकडायची तर आउटपुटडेव्ह हा आतला क्लास वारशाने घ्यावा लागतो, आणि बाहेरच्या तिन्ही दरवाज्यांतून तो मिळत नाही. माझ्या आधी इथे जो होता त्याने तसंच लिहून ठेवलं होतं, आणि त्या वेळी दुसरा मार्ग नव्हताच. आम्ही एकटे नाही. इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅमनेही पीडीएफ आयात करण्यासाठी आतलीच हेडरं वापरली. पानं मांडणारं स्क्रायबस, नकाशांच्या फाइली वाचणारं जीडीएएल ही मंडळीही याच वाटेने आलेली. २०१८ च्या अखेरीस पॉपलरने हो-नाहीसाठीचा स्वतःचा जीबूल प्रकार काढून साधं बूल आणलं आणि लगोलग गेटसीस्ट्रिंग या फंक्शनचं नाव सीस्ट्र केलं, तेव्हा या सगळ्यांना आपापल्या कोडला ठिगळं लावावी लागली होती. आमच्या फाइलीतही तेव्हाच्या आवृत्तीसाठीचं एक इफडेफ (आवृत्ती पाहून कोड निवडणारी अट) अजून आहे, त्याच्या खाली पुढच्यांसाठी आणखी, आणि मधे कुठेतरी खरा कोड.

पहिले काही महिने माझं मत ठाम होतं की ही निव्वळ खाज आहे. चालतंय ते चालू द्या की! एका नावाच्या जागी दुसरं नाव ठेवून कोणाचं पान जास्त सुबक उमटलं?

मग एकदा वैतागून बदलांची नोंद नीट वाचायला बसले, नुसती आपली मोडलेली फंक्शनं शोधायला नाही. हा कोड मुळात एक्सपीडीएफचा, ज्याची पहिली आवृत्ती १९९५ ची. तेव्हाच्या सी प्लस प्लसमध्ये स्ट्रिंग स्वतःची, यादी स्वतःची, मेमरी घेणं-सोडणं सगळं हाताने. एक्सपीडीएफ ज्याने त्याने आपल्या प्रोग्रॅममध्ये कॉपी करून घेतलं होतं, आणि सुरक्षेतलं एक भोक बुजवायचं तर प्रत्येक कॉपीत वेगळं बुजवावं लागे. त्यावर उपाय म्हणून २००५ मध्ये एक्सपीडीएफ ३.० वरून पॉपलर निघालं. म्हणजे मी ज्याला खाज म्हणत होते ते या जुन्या पायाचं काम होतं. हाताने मोजलेली लांबी आणि हाताने सोडलेली मेमरी एकेक करून काढून टाकायची. ओएसएस-फझ ही आपोआप चाचणी करणारी सेवा दिवसरात्र वेड्यावाकड्या फाइली याच्या तोंडात कोंबत असते, आणि त्यातून जे सापडतं ते बऱ्याचदा याच जातीचं असतं.

हे किती खरं आहे ते जेबिग२ ने दाखवलं. स्कॅन केलेल्या काळ्या-पांढऱ्या पानांसाठीची ही जुनी कॉम्प्रेशन पद्धत. २०२१ मध्ये पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर आयफोनमध्ये ज्या वाटेने शिरलं तिला फोर्स्डएंट्री म्हणतात. जिफ असल्याचं सोंग घेतलेली पीडीएफ, तिच्यात जेबिग२ आणि ते उलगडणाऱ्या डिकोडरमध्ये इंटिजर ओव्हरफ्लो (आकडा ठरलेल्या जागेत न मावून हिशेब चुकणं). ॲपलच्या त्या डिकोडरचं मूळही एक्सपीडीएफचंच. तशीच चूक पॉपलरमध्येही होती. सुरक्षेतल्या चुकांच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०२२-३८७८४ या नावाने ती नोंदली गेली आणि २२.०९ आवृत्तीत दुरुस्त झाली. आमच्याकडे येणाऱ्या फाइली अनोळखी माणसं पाठवतात आणि त्यातल्या निम्म्याअधिक स्कॅन केलेल्या असतात. हे वाचल्यावर ‘चालतंय ते चालू द्या’ हे वाक्य मी गिळलं.

तरी एक तक्रार मागे घेणार नाही. आत काय बदललं आणि त्याच्या जागी काय वापरायचं, एवढी दोन ओळींची नोंद दर आवृत्तीसोबत द्यायला काय हरकत आहे? बदलांच्या यादीत ‘कोड सुधारणा’ असं मोघम लिहिलेलं असतं आणि बाकीचं गिटमध्ये कोडच्या एकेका बदलाची नोंद (कमिट) उकरून शोधायचं. बंधन नाही हे मान्य, पण वापरणारे आहेत हे त्यांनाही ठाऊक आहे. बिल्डची तऱ्हाही खास आहे. बूस्ट ही जोड-लायब्ररी नसेल तर सीमेक हे बिल्डची तयारी करणारं साधन थांबतं आणि म्हणतं, बूस्ट बसवा, नाहीतर तो पर्याय हाताने बंद करा, पण मग स्प्लॅश मंदावेल. पहिल्यांदा चिडचिड झाली, आता आवडतं. गुपचूप मंद बिल्ड हाती पडण्यापेक्षा हे बरं.

परवाच्या फजितीनंतर रेघांचं मॉड्यूल तोडायला घेतलंय. पीडीएफटूकैरो (कैरो या चित्र रंगवणाऱ्या लायब्ररीवर चालणारी पॉपलरची कमांड) वापरून पानाची एसव्हीजी, म्हणजे रेघा-आकारांच्या वर्णनाची चित्रफाइल, काढायची आणि तिच्यातल्या पाथांतून आडव्या-उभ्या रेघा वेचायच्या. वेळ जास्त लागतो, फाइली फुगतात, आणि पारदर्शकतेची कसरत असलेल्या काही पानांत कैरो पानाचा तुकडाच चित्र करून टाकतं, मग रेघ मिळतच नाही. तशी पानं ओळखून ३०० डीपीआयच्या चित्रावर रेघा शोधणारा वेगळा रस्ता लिहितेय. तो नीट चालेपर्यंत जुनं मॉड्यूल वेगळ्या कंटेनरमध्ये जुन्या पॉपलरवर राहील, आणि त्याला फक्त आमच्याच लोकांनी बनवलेल्या फाइली मिळतील. बाहेरून आलेली एकही नाही.